क्लाउड माउंट केलाय, आता हौद किती मोठा बांधायचा?

माझ्या वडिलांनी आयुष्यभर चौकटीच्या कागदावर चादरींची डिझाइनं काढली. मोर, वेल, जाळी, कडेची नक्षी. एकेका चौकोनात रंग भरायचा आणि मग त्यावरून जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, पंचकार्डं मारून घ्यायची. एक भोक चुकलं की चादरभर, नक्षी जितक्या वेळा येईल तितक्या वेळा तोच दोष. त्यांचे असे बावीसशेच्या आसपास ग्राफ मी गेल्या काही वर्षांत सवडीनं स्कॅन केले. एकेक टिफ फाइल सरासरी २२० एमबीची, म्हणजे सगळा ऐवज पावणेपाचशे जीबीच्या वर. आणि माझ्या कामाच्या कॉम्प्युटरची एसएसडी २४० जीबीची. म्हणून सगळं गूगल ड्राइव्हवर ठेवलं आणि आरक्लोन हे क्लाउड कॉम्प्युटरला जोडणारं सॉफ्टवेअर वापरून विंडोजमध्ये माउंट केलं. म्हणजे माय कॉम्प्युटर उघडलं की सी, डी यांच्या शेजारी क्लाउडही एखाद्या ड्राइव्हसारखा दिसतो.

माउंट करणं सोपं आहे. विनएफएसपी (विंडोजला असा ड्राइव्ह दाखवता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) टाकायचं, आरक्लोनला खात्याची ओळख करून द्यायची, एक ओळ लिहायची. जमल्यास गूगलकडून स्वतःची क्लायंट आयडी (गूगलपाशी आरक्लोनची ओळख पटवणारा क्रमांक) काढून घ्यायची, कारण आरक्लोनसोबत येणारी आयडी जगभरचे लोक वापरतात आणि ती हळू चालते. डोकेदुखी सुरू होते ती यानंतर. फाइल उघडायला पाऊण मिनिट लागतं, सेव्ह होत नाही, दुसऱ्यानं टाकलेली फाइल दिसत नाही, एसएसडी लाल होते. या चारही तक्रारींचं मूळ कॅशच्या, म्हणजे क्लाउडवरच्या फाइली आपल्या डिस्कवर तात्पुरत्या ठेवायच्या जागेच्या, सेटिंगमध्ये असतं.

सोलापूरकराला कॅश म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. आमच्या घरी नळाला तीन-चार दिवसांआड पाणी येतं. म्हणून खाली हौद, वर टाकी. तोंड धुताना आपण नळाची वाट बघत नाही, हौदातलं घेतो. हौद केवढा बांधायचा, पाणी किती दिवसांचं चालवून घ्यायचं, ओसंडायला लागलं तर काय करायचं, हे प्रश्न घर बांधतानाच सुटलेले असतात. कॅशचे प्रश्न तेच आहेत. फरक एकच. हौदातलं पाणी कुणी परत नळात सोडत नाही. इथे सोडावं लागतं, आणि मोठे घोटाळे त्या परतीच्या वाटेवरच होतात. म्हणून मी सेटिंगं ठरवताना वाचायचा विचार नंतर करतो, लिहिण्याचा आधी.

एक सूचना. खाली पर्यायांची नावं मी बोलतो तशी लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजीत, सुरुवातीला दोन आडव्या रेघा देऊन लिहायची.

आधी मोड ठरवा

व्हीएफएस-कॅश-मोड या पर्यायाच्या चार किमती आहेत: ऑफ, मिनिमल, राइट्स आणि फुल. काहीच लिहिलं नाही तर ऑफ धरलं जातं, आणि बहुतेक लोक तिथेच अडकतात.

ऑफ म्हणजे हौदच नाही. फाइल वाचली तर थेट नेटवरून, लिहिली तर थेट नेटवर. यात एकच फाइल एकाच वेळी वाचायला आणि लिहायला उघडता येत नाही, आणि लिहिताना मधल्या एखाद्या ठिकाणी उडी मारून तेवढाच भाग बदलता येत नाही. आमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर नेमकं तेच करतं. म्हणून पहिल्या दिवशी डिझाइन उघडलं, दोन रंग बदलले, सेव्ह दाबलं आणि समोर एररचा डबा. मला वाटलं परवानगीचा घोळ आहे. दोन तास परवानग्या तपासत बसलो. शिवाय ऑफमध्ये अपलोड मध्येच फसलं तर आरक्लोन पुन्हा प्रयत्न करू शकत नाही, कारण त्याच्याकडे प्रतच नसते.

मिनिमलमध्ये वाचन-लेखन दोन्हींसाठी उघडलेल्या फाइली तेवढ्या डिस्कवर येतात. फक्त लिहायला उघडलेल्या अजूनही थेट वर जातात. मला याचा उपयोग कुठेच सापडला नाही. पुढे चला.

राइट्समध्ये जे काही लिहाल ते आधी डिस्कवर येतं आणि मागाहून वर जातं. नुसतं वाचाल ते मात्र दर वेळी नेटवरूनच. अपलोड फसलं तर आरक्लोन पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, दोन प्रयत्नांमधलं अंतर वाढवत वाढवत एक मिनिटापर्यंत नेतो. ज्या कॉम्प्युटरवरून फाइली नुसत्या आत टाकायच्या असतात, म्हणजे स्कॅनरला जोडलेला किंवा बिलांची पीडीएफ साठवणारा, त्याला राइट्स पुरतो.

फुलमध्ये वाचलेलंही डिस्कवर राहतं. तीच फाइल दिवसातून पाच वेळा उघडणाऱ्या माणसाला हाच हवा. हिशोब सांगतो. माझी लाइन ५० एमबीपीएसची. २२० एमबीची फाइल म्हणजे १,७६० मेगाबिट, भागिले ५०, म्हणजे ३५ सेकंद. तेही लाइन पूर्ण वेगानं चालली तर. दिवसाला अशा तीस उघडण्या धरल्या तर साडेसतरा मिनिटं मी नुसता निळ्या चकतीकडे बघत होतो. फुल लावल्यावर दुसऱ्यांदा उघडताना फाइल एसएसडीवरून येते.

फुलमध्ये एक चांगली गोष्ट अशी की अख्खी फाइल आणलीच पाहिजे असं नाही. जेवढा तुकडा वाचला तेवढाच डिस्कवर उतरतो, उरलेली जागा पोकळ राहते. पण त्यासाठी डिस्कच्या फॉरमॅटला अशा पोकळ फाइली ठेवता यायला हव्यात. विंडोजच्या एनटीएफएसला येतात. एक्सफॅटला येत नाहीत. एसएसडी भरते म्हणून मी एकदा शहाणपणा केला आणि कॅशची जागा बाहेरच्या यूएसबी डिस्कवर दिली. ती एक्सफॅट होती. आरक्लोननं लॉगमध्ये, म्हणजे आपल्या नोंदवहीत, एरर लिहिली होती, पण लॉग कोण वाचतं? चार दिवस सगळं रखडत चाललं. शेवटी डिस्क रिकामी करून एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केली. तुम्ही पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर कॅश ठेवणार असाल तर आधी तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन फॉरमॅट बघा.

जुन्या व्हिडिओंमध्ये ‘कॅश’ नावाचा वेगळा रिमोट (आरक्लोनमधली क्लाउडची नोंद) बनवून त्यावर माउंट करायला सांगतात. तो रस्ता सोडून द्या. २०२० च्या सप्टेंबरात आलेल्या १.५३ आवृत्तीपासून फुल मोड नव्यानं लिहिला गेला आणि त्या खटाटोपाचं काम उरलं नाही.

परतीची वाट

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते.

कॅश चालू असताना तुम्ही सेव्ह दाबता तेव्हा फाइल क्लाउडवर गेलेली नसते. ती तुमच्या डिस्कवर, कॅशच्या फोल्डरमध्ये पडलेली असते. फाइल बंद केल्यावर आरक्लोन थोडा थांबतो आणि मग अपलोड सुरू करतो. हा थांबा म्हणजे व्हीएफएस-राइट-बॅक. न सांगता तो पाच सेकंद असतो. पाच सेकंद अधिक अपलोडला लागणारा वेळ, एवढ्या काळात त्या फाइलची जगात एकच प्रत असते आणि ती क्लाउडवर नसते.

मे महिन्यातली संध्याकाळ. दिवसभर त्रेचाळीस अंशांत पत्र्याखाली काम केलेलं. एका टेरी टॉवेलच्या कडेची नक्षी रात्री नऊला संपवली, सेव्ह केलं, आणि लाइट गेली. कॉम्प्युटरला यूपीएस होता, राउटरला नव्हता. म्हणजे कॉम्प्युटर चालू आणि नेट बंद. सेव्ह तर झालंय, असं म्हणून मी नीट शटडाउन करून घरी गेलो. इथपर्यंत काहीच बिघडलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच पर्यायांनिशी आरक्लोन सुरू झाला असता तर त्याला कॅशमध्ये न गेलेली फाइल सापडली असती आणि त्यानं ती वर चढवली असती. तशी सोय त्यात आहे.

पण मी हुशार. कॉम्प्युटर सुरू होताना कॅशचं फोल्डर पुसून टाकणारी एक बॅच फाइल मीच लिहून ठेवली होती, एसएसडी स्वच्छ राहावी म्हणून.

सकाळी आर ड्राइव्ह, म्हणजे माउंट केलेला क्लाउड, उघडला तर आदल्या दिवशी सकाळचं डिझाइन. मदतनीस पोरगा म्हणाला, “सर, काल सेव्ह केलं होतं की ओ, मी बघितलं.” बघितलं होतं खरं. अख्ख्या दिवसाचं काम गेलं, आणि कारखान्याच्या मालकांना फोन करून उद्या देतो म्हणताना जीभ जड झाली.

तेव्हापासून माझे नियम हे. कॅशचं फोल्डर हातानं कधीही पुसायचं नाही. जागा कमी करायची असेल तर आरक्लोनला मर्यादा सांगायची, तो अपलोड व्हायच्या फाइली सोडून बाकीच्या काढतो. अपलोड बाकी असताना रिमोटचं नाव किंवा कॅश-डिर (कॅशच्या फोल्डरची जागा) बदलायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी तो भलत्याच फोल्डरमध्ये शोधतो. आणि राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावायचा. हे शेवटचं कुठल्याही सेटिंगपेक्षा जास्त कामाला आलं.

अपलोड झालं की नाही हे कळतं कसं? लॉग-लेव्हल इन्फो करा आणि लॉग-फाइलला एक जागा द्या. दर मिनिटाला कॅश तपासली गेली की तिथे एक ओळ पडते. तिच्यात कॅशमध्ये किती फाइली, किती वापरात, हे असतं आणि पुढे दोन आकडे: ‘टु अपलोड’ आणि ‘अपलोडिंग’. दोन्ही शून्य असतील तरच मशीन बंद करायचं. पोराला लॉग वाचायचा कंटाळा, म्हणून मी माउंट करताना आरसी (चालू आरक्लोनला बाहेरून प्रश्न विचारायची सोय) हा पर्यायही देतो आणि डेस्कटॉपवर एक आयकॉन ठेवलाय. तो दाबला की आरक्लोनला व्हीएफएस/स्टॅट्स विचारलं जातं आणि उत्तरात ‘अपलोड्स-क्यूड’ आणि ‘अपलोड्स-इन-प्रोग्रेस’ दिसतात. आता संध्याकाळी शटर ओढायच्या आधी आतून आवाज येतो, “शून्य शून्य, सर.”

राइट-बॅक किती ठेवावा? हे तुमचं सॉफ्टवेअर सेव्ह कसं करतं त्यावर आहे. काही सॉफ्टवेअर सेव्ह करताना आधी तात्पुरती फाइल लिहितात, मग जुनी पुसतात, मग नवीचं नाव बदलतात. थांबा फार कमी असेल तर ती तात्पुरती फाइलही अपलोड व्हायला लागते आणि लाइन उगाच अडते. मी एक मिनिट ठेवलाय. एवढ्यात तात्पुरत्या फाइली जन्मून मरूनही गेलेल्या असतात. ऑटोसेव्ह दर दहा मिनिटांनी होतो म्हणून पंधरा मिनिटं ठेवा असाही सल्ला मला एकानं दिला होता, म्हणजे मधले ऑटोसेव्ह वर जाणारच नाहीत. बरोबर आहे, पण मग एकच प्रत असण्याचा काळही तेवढा वाढतो. आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. मला लाइन अडलेली परवडते, डिझाइन गेलेलं परवडत नाही.

आणि फोनच्या हॉटस्पॉटवर असाल तर हिशोब पुन्हा करा. ५ एमबीपीएसच्या अपलोडवर २२० एमबीला सहा मिनिटं लागतात. त्या सहा मिनिटांत लॅपटॉप मिटला तर फाइल मिटलेल्या लॅपटॉपमध्येच राहिली.

हौदाचं माप

व्हीएफएस-कॅश-मॅक्स-साइज न सांगता सोडला तर मर्यादाच नसते. फुल मोडमध्ये हे विसरलात तर एसएसडी भरणारच. माझी २४० जीबीची एसएसडी विंडोजला २२३ दिसते. विंडोज आणि सॉफ्टवेअर मिळून ९५, जे मी मुद्दाम लोकल ठेवतो ते ४०. उरले ८८. त्यातले ६५ कॅशला दिले आणि २३ मोकळे सोडले. शिवाय व्हीएफएस-कॅश-मिन-फ्री-स्पेसला १५ जीबी. म्हणजे दुसऱ्याच कुठल्या सॉफ्टवेअरनं डिस्क खाल्ली तरी आरक्लोन आपला हौद उपसून जागा करून देतो. हा पर्याय फार कुणी सांगत नाही, पण एकाच डिस्कवर विंडोज आणि कॅश असणाऱ्यांनी तो लावावाच.

मर्यादा काटेकोर नसते, हे लक्षात ठेवा. तपासणी मिनिटाला एकदा होते, आणि उघड्या असलेल्या किंवा अपलोड व्हायच्या फाइली काढता येत नाहीत. दुपारभर नेट नसेल आणि तुम्ही लिहीतच असाल तर ६५ चे ७५ होऊ शकतात. तेवढी हवा ठेवा.

६५ हा आकडा डिस्कवरून आला, पण पुरेसा आहे का ते कामावरून ठरतं. एका आठवड्यात मी वेगवेगळ्या किती फाइली उघडतो ते वहीत लिहून काढलं: ६० ते ७० स्कॅन, म्हणजे साधारण १५ जीबी, आणि चालू कामाच्या छोट्या फाइली वेगळ्या. म्हणजे ६५ पैकी ४५ जीबी जुन्या ग्राफांना दिले (त्यांचा माउंट वेगळा आहे, ते पुढे येतं) तर तीन आठवड्यांचं काम हौदात मावतं. जागा संपली की ज्याला सगळ्यात जास्त दिवस हात लागला नाही ते आधी बाहेर जातं, त्यामुळे रोजच्या फाइली टिकतात.

आता वय. व्हीएफएस-कॅश-मॅक्स-एज न सांगता एक तास असतं. शेवटचा हात लागल्यापासून एक तास, हं, तयार झाल्यापासून नाही. दुपारी जेवायला घरी गेलो, कडक भाकरी, शेंगाचटणी, वर थोडी झोप, परत आलो की हौद रिकामा! फुल लावूनही काही फरक पडत नाही म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं हेच असतं. आकाराची मर्यादा लावलेली असेल तर वयाची सैल सोडायला हरकत नाही. जुन्या ग्राफांना मी ३० दिवस दिलेत, चालू कामाला १०.

पण एक अडचण आहे. कॅशमधल्या फाइली साध्या, उघडता येणाऱ्या फाइली असतात. क्लाउडवर आरक्लोनच्या क्रिप्टनं कुलूप लावलेलं असलं तरी कॅशमध्ये त्या कुलूप उघडूनच पडलेल्या असतात. गिऱ्हाइकाचं अजून बाजारात न आलेलं डिझाइन शेजारच्या कारखान्यात दिसलं तर आमच्या धंद्यात भांडणं होतात. म्हणून कारखान्यातल्या, चार जण बसणाऱ्या कॉम्प्युटरवर वय एक तासच ठेवलंय.

थंबनेल, व्हिडिओ आणि मेहुणा

फुल मोड लावल्यावर पहिल्या आठवड्यात कॅश आपोआप भरायला लागली. मी उघडलेल्या फाइली तर दहाच. शोधलं तर दोषी निघालं विंडोजचं मोठ्या चित्रांचं दृश्य. तीनशे स्कॅनचं फोल्डर उघडलं की एक्सप्लोरर प्रत्येकाचं थंबनेल बनवायला फाइली वाचत सुटतो, आणि वाचलेलं सगळं हौदात उतरतं. नको असलेलं आत, हवं असलेलं बाहेर. फोल्डरचं दृश्य ‘डिटेल्स’ करा. अँटिव्हायरसच्या रोजच्या तपासणीतूनही हा ड्राइव्ह वगळा, नाहीतर रात्रीत तो अख्खा क्लाउड खाली ओढायला बघेल.

माझा मेहुणा जुळे सोलापुरात लग्नाचे व्हिडिओ करतो. त्याचा फोन आला, “दाजी, तुमच्यासारखं सगळं लावलं, तरी व्हिडिओ अडकतोय.” बघितलं तर कॅमेऱ्याची मूळ फुटेज १०० एमबीपीएसची आणि त्याची लाइन माझ्यासारखीच ५० ची. इथे कॅश काय करणार? पहिल्यांदा येणारं पाणी नळातूनच यायचंय, आणि नळ निम्म्या मापाचा. त्याला सांगितलं, ज्या लग्नाचं काम चालू आहे त्याचं फोल्डर सरळ लोकल डिस्कवर कॉपी कर, काम संपलं की वर टाक. माउंट ठेव जुन्या लग्नांसाठी, तयार झालेल्या फिल्मसाठी. त्या १५ एमबीपीएसच्या असतात, मधूनच कुठूनही चालवल्या तरी तेवढाच तुकडा येतो. तिथे व्हीएफएस-रीड-अहेड ५१२ एमबी दिलं की पुढचा भाग आधीच डिस्कवर येऊन बसतो.

त्यानं बफर-साइजही २५६ एमबी केला होता, कुठल्याशा व्हिडिओत बघून. हा बफर रॅममध्ये असतो आणि प्रत्येक उघड्या फाइलीला वेगळा. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरनं चाळीस क्लिप एकदम उघडल्या की दहा जीबी रॅम त्यातच. मूळचा १६ एमबी आहे, तोच ठेवा. फुल मोडमध्ये पुढचं वाचून ठेवायचं तर डिस्कवर ठेवा, रॅमवर नको. व्हीएफएस-रीड-चंक-साइज (एका वेळी मागायचा तुकडा) १२८ एमबीपासून सुरू होऊन आपोआप दुप्पट होत जातो, त्याला मी कधी हात लावला नाही.

फाइल टाकली, दिसत का नाही?

फाइलींच्या यादीचीही वेगळी कॅश असते. डिर-कॅश-टाइम न सांगता पाच मिनिटं. माउंटमधूनच केलेला बदल लगेच दिसतो. पण अक्कलकोट रोड एमआयडीसीतून मालकांनी फोनवरून नमुन्याचा फोटो ड्राइव्हवर टाकला तर तो माझ्या आर ड्राइव्हवर कधी दिसेल हे क्लाउडवर अवलंबून आहे.

गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स हे ‘काय बदललं?’ असं विचारलं की सांगतात. आरक्लोन दर मिनिटाला विचारतो, तो पोल-इंटरव्हल. अशा क्लाउडवर डिर-कॅश-टाइम बिनधास्त वाढवा. मी २४ तास ठेवलंय, बदल मिनिटाभरात येतोच आणि फोल्डर झटकन उघडतात. पोल-इंटरव्हल डिर-कॅश-टाइमपेक्षा कमी हवा एवढंच. अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री पद्धतीची क्लाउड साठवण मात्र असं काही सांगत नाही. तिथे २४ तास ठेवलं तर बाहेरून आलेली फाइल दिवसभर दिसणार नाही. एक ते पाच मिनिटंच ठेवा.

याचाच एक छुपा धोका आहे. फाइल उघडताना आरक्लोन आपली प्रत आणि क्लाउडवरची प्रत जुळते का बघतो, न जुळल्यास नवी आणतो. पण क्लाउडवर काय आहे हे त्याला त्या यादीवरूनच कळतं. यादी शिळी तर फाइलही शिळी. आणि दोघांनी एकच फाइल एकदम उघडली तर इथे कुलूप नसतं, ज्याचं अपलोड शेवटी होईल त्याचं राहतं. आमच्याकडे यावर तांत्रिक उपाय नाही. फोन करायचा, “ती कडेची फाइल मी घेतलीय ओ, हात लावू नका.”

दोन हौद

मी दोन माउंट ठेवतो. चालू काम आर वर, वाचन-लेखन दोन्ही. वडिलांचे ग्राफ एस वर, रीड-ओन्ली देऊन, म्हणजे कुणाच्या हातून काही पुसलं जायचं भय नाही. दोन्हींना फुल मोड, पण कॅश-डिर वेगवेगळं. हे वेगळेपण हौसेचं नाही. एकाच कॅशवर दोन आरक्लोन एकच किंवा एकमेकांत शिरलेली फोल्डरं चालवायला लागले तर फाइली खराब होऊ शकतात. मी आधी अख्खा ड्राइव्ह आर वर आणि त्याच्याच आतलं ग्राफचं फोल्डर एस वर माउंट केलं होतं. कुणीतरी वेळीच हटकलं म्हणून बचावलो. आता दोन शेजारशेजारची फोल्डरं आहेत, एक दुसऱ्याच्या पोटात नाही. आणि मॅक्स-साइज प्रत्येक माउंटचा स्वतंत्र असतो, म्हणून बेरीज करायला विसरू नका: माझे ४५ एस ला, २० आर ला.

माउंटवर ठेवू नये असंही काही असतं. हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, कुठलाही डेटाबेस, मेलची मोठी फाइल. ही सॉफ्टवेअर फाइल सकाळी उघडतात आणि रात्री सोडतात, मधे सतत थोडं थोडं लिहितात. फाइल बंद झाल्याशिवाय अपलोड नाही, म्हणजे दिवसभर क्लाउडवर कालचाच हिशोब. ते लोकल ठेवा आणि रात्री आरक्लोन कॉपीनं वर पाठवा.

सगळं लावून झालं की एकदा तपासा. अर्ध्या तासाचं काम आहे. घड्याळ लावून एक मोठी फाइल उघडा, बंद करा, पुन्हा उघडा. दुसऱ्यांदाही तेवढाच वेळ लागला तर मोड फुल आहे का ते आधी बघा, आणि फोल्डर एक्सफॅटवर तर नाही ना तेही. मग एक फालतू फाइल बदलून सेव्ह करा आणि लगेच राउटरची वायर काढा. लॉगमध्ये ‘टु अपलोड’ किंवा ‘अपलोडिंग’मध्ये एक दिसला पाहिजे. तसंच मशीन बंद करा. चालू करा, वायर लावा, माउंट सुरू होऊ द्या. थोड्या वेळानं फोनवरून ड्राइव्ह उघडून बघा, फाइल तिथे बदललेली दिसली पाहिजे. ही चाचणी चुकूनही खऱ्या डिझाइनवर करू नका. मी पहिल्यांदा केली ती वडिलांच्या मोरावर, आणि फोनवर तो मोर दिसेपर्यंतची चार मिनिटं काही खरं नव्हतं.